औद्योगिक संघटनेत अणुइंधन आणि किरणोत्सारी कचऱ्याचं खातं गळ्यात पडलं, तर

तालुक्याच्या उद्योजक संघटनेत वीज, पाणी, रस्ते, राख या कामांना माणसं लगेच मिळतात. ‘अणुऊर्जा आणि किरणोत्सारी कचरा’ असं म्हटलं की सगळे चहाच्या कपात बघायला लागतात. मग जो त्या दिवशी बैठकीला आला नाही, त्याच्या नावावर ते खातं लिहिलं जातं. वरोरा, भद्रावती, वणी, राजुरा, कोरपना या पट्ट्यात ते आता टाळता येण्यासारखं राहिलेलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये एनपीसीआयएलने, म्हणजे अणुवीज केंद्रं चालवणाऱ्या सरकारी कंपनीने, उद्योगांच्या स्वतःच्या विजेसाठी २२० मेगावॅटच्या ‘भारत स्मॉल रिअ‍ॅक्टर’चे प्रस्ताव मागवले. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज हे उद्दिष्ट आणि छोट्या अणुभट्ट्यांच्या मोहिमेसाठी २० हजार कोटी रुपये जाहीर झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने शांती कायदा, म्हणजे अणुऊर्जेचा नवा कायदा, मंजूर केला आणि खासगी कंपन्यांसाठी दार उघडलं. पोलाद आणि सिमेंटवाले सदस्य आता विचारणारच, भाऊ, आपल्याकडे काय?

त्याचं उत्तर तयार ठेवायचं आहे, पण ते नंतरचं काम. त्याआधीचं काम तुमच्याच एखाद्या सदस्याच्या कारखान्यात, पाइपाला बोल्टने आवळलेलं, कोळशाच्या धुळीखाली बसलेलं आहे. तिथूनच सुरुवात करा.

आधी तीन ढीग वेगळे करा

या खात्यात येणारा प्रत्येक कागद तीनपैकी एका ढिगात जातो. हे ढीग एकमेकांत मिसळले की खातं बुडालंच समजा.

पहिला ढीग इंधनाचा: युरेनियमची खाण, इंधन तयार करणं, अणुभट्टी, वापरलेलं इंधन, त्याचं पुनर्प्रक्रियण, काचेत कोंडलेला कचरा. यातलं काहीही आज विदर्भात नाही. नागपुरात अणुखनिज संचालनालयाचं मध्य विभागीय कार्यालय आहे, पण ते शोधकाम करतं, कचरा सांभाळत नाही. राज्यातली अणुवीज तारापूरला होते, म्हणजे राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आपल्याला जवळचा म्हणावा असा मंजूर प्रकल्प मध्य प्रदेशात आहे, मंडला जिल्ह्यातल्या चुटका इथला. ७०० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्यांचा तो प्रकल्प २०१७ साली मंजूर झालेल्या दहा अणुभट्ट्यांपैकी आहे.

दुसरा ढीग कारखान्यातल्या मोजमापाच्या यंत्रांत बसवलेल्या किरणोत्सारी स्रोतांचा. हा आपला.

तिसरा राखेचा. कोळशात युरेनियम आणि थोरियम निसर्गतःच अत्यल्प प्रमाणात असतं. कोळसा जळून गेला की ते राखेत काही पटींनी दाट होतं, एवढं खरं. पण कायद्याच्या भाषेत राख हा किरणोत्सारी कचरा नाही. राखेचे नियम पर्यावरण कायद्याखाली येतात आणि त्याची तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाते. राखेमुळे विहिरीचं पाणी खराब होतं हा प्रश्न मोठा आहे आणि तो त्याच्या खात्यात जोरात लढवायला हवा. या खात्यात तो घेतलात तर वर्षभर दुसरं काहीच होणार नाही.

नवख्या माणसाची पहिली चूक कायद्यातच होते. सदस्य सांगतो, “आमचा बुटीबोरीच्या केंद्राशी घातक कचऱ्याचा करार आहे, तिकडे देऊन टाकू.” तसं देता येत नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांमधून किरणोत्सारी कचरा स्पष्टपणे वगळलेला आहे, आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांमधूनही. त्याचे नियम वेगळे: किरणोत्सारी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे १९८७ चे आणि किरण संरक्षणाचे २००४ चे. परवाना देणारी संस्थाही वेगळी, ती म्हणजे १९८३ पासून काम करणारं अणुऊर्जा नियामक मंडळ, एईआरबी. हे दोन्ही नियम १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली झाले आणि शांती कायदा त्याच कायद्याची जागा घेतो. म्हणून कुठल्याही अर्जात कलमाचा आकडा घालण्याआधी त्या दिवशीचं राजपत्र उघडून बघा. जुन्या पत्राची नक्कल करून तारीख बदलायची सवय इथे महागात पडते.

सदस्यांकडे काय आहे, त्याची नोंदवही

पहिल्या महिन्यात पत्रकं काढू नका. फिरा. कागदावर विचारलं तर दहातले आठ सदस्य “आमच्याकडे असं काही नाही” असं प्रामाणिकपणे लिहून देतील, कारण मालकाला माहीतच नसतं. माहीत असतं ते इन्स्ट्रुमेंटवाल्या फोरमनला. त्याला किरणांनी मोजमाप करणारी यंत्रं, म्हणजे गेज, कुठे आहेत विचारा, तो थेट नेऊन उभा करेल.

कोल वॉशरीत कोळसा-पाण्याच्या घट्ट रशाची घनता मोजायला पाइपावर सिझियम-१३७ चं गेज असतं, आणि पट्ट्यावरच्या कोळशातली राख मोजणाऱ्या यंत्रात सिझियमबरोबर अमेरिशियम-२४१. सिमेंट कारखान्यात हॉपर किंवा सायलोची पातळी मोजायला सिझियम किंवा कोबाल्ट-६०. पोलादाच्या सलग ओतकामात साच्यातली पातळी मोजायला बहुधा कोबाल्ट. कागद गिरणीत कागदाचं वजन मोजायला क्रिप्टॉन-८५. रस्त्याच्या मोठ्या कंत्राटदाराकडे भरावाची घनता आणि ओल मोजणारं हातात नेण्याचं यंत्र असतं, त्यात सिझियमसोबत अमेरिशियम-बेरिलियम. हे यंत्र जीपच्या मागच्या सीटवर, डब्याच्या पिशव्यांशेजारी पडलेलं दिसलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका, पण तिथल्या तिथे हटकायला विसरू नका.

क्ष-किरण यंत्र या यादीत येत नाही. त्यालाही परवाना लागतो, पण वीज बंद केली की त्याचे किरण बंद, मागे कचरा उरत नाही.

नोंदवहीत प्रत्येक स्रोतामागे एवढं लिहा: मूलद्रव्य कोणतं, शक्ती किती आणि ती कोणत्या तारखेची, स्रोताचा क्रमांक आणि यंत्राचा क्रमांक, दोन्ही वेगवेगळे, नेमकी जागा, पुरवठादार, परवान्याची मुदत, किरण सुरक्षा अधिकाऱ्याचं म्हणजे आरएसओचं नाव, आणि स्रोत परत घेण्याचं पुरवठादाराचं लेखी पत्र आहे की नाही. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा राहील. तुमच्या पुढच्या दोन वर्षांचं काम तोच रकाना आहे.

तारीख कशासाठी, तर किरणोत्सार काळानुसार निम्मा होत जातो आणि प्रत्येक मूलद्रव्याची चाल निराळी. इरिडियम-१९२ सुमारे ७४ दिवसांत निम्मा होतो, कोबाल्ट-६० सव्वापाच वर्षांत, क्रिप्टॉन-८५ पावणेअकरा वर्षांत, सिझियम-१३७ तीस वर्षांत आणि अमेरिशियम-२४१ चारशे बत्तीस वर्षांत. “साहेब, ते जुनं झालं, मेलं आता” हे वाक्य रोज ऐकू येतं. १९९५ साली बसवलेलं सिझियमचं गेज २०२५ मध्ये अर्धं जिवंत होतं. अमेरिशियमच्या बाबतीत तर तीस वर्षांत पाच टक्केसुद्धा उतरत नाही.

ही नोंदवही सगळ्यांना दाखवायची वही नाही. कुठे कोणता स्रोत आहे याची यादी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर फिरली तर ते चोराला दिलेलं निमंत्रण ठरतं. एक प्रत कुलपात ठेवा. अध्यक्ष आणि तुम्ही सोडून किल्ली तिसऱ्याकडे नको.

गेजचा डबा एकदा नीट बघून ठेवा

बाहेरून ते ओतीव लोखंडाचं, आत शिसं भरलेलं धूड असतं. साधारण कळशीएवढं, पण दोन माणसं लावल्याशिवाय हलत नाही. मुळात पिवळा रंग आणि त्यावर तीन पाकळ्यांचं चिन्ह. आपल्याकडे सहा महिन्यांत त्यावर कोळशाची किंवा सिमेंटची साय चढते, चिन्ह दिसेनासं होतं. बाजूला एक दांडा असतो: एका बाजूला उघडं, दुसऱ्या बाजूला बंद, आणि बंद स्थितीत कुलूप घालायला भोक. स्रोत म्हणजे आतली पोलादी कुपी, बोटाच्या पेराएवढी, चकचकीत. धोका त्या कुपीत आहे आणि सगळं शिसं तिच्यासाठी आहे.

१०० मिलिक्युरी शक्तीच्या सिझियमची उघडी कुपी एक मीटरवर ताशी सुमारे ०.३ मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणमात्रेचं माप) देते. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे, म्हणजे तीन तासांत संपली. अंतर निम्मं केलं की मात्रा चौपट होते, म्हणून हेच गणित एक सेंटिमीटरवर नेलं की आकडा दहा हजार पट होतो: ताशी तीन हजारांच्या वर. चकचकीत वस्तू खिशात घालून घरी नेणाऱ्याच्या मांडीला काही दिवसांनी भाजल्यासारखी जखम का होते, ते या आकड्यात आहे.

फिरताना तीन गोष्टी तपासा: दांड्याचं कुलूप आहे का आणि किल्ली कुणाकडे आहे, चिन्हाशेजारी मराठी आणि हिंदी पाटी आहे का, कारण पाइपाखाली झोपणारा मजूर छत्तीसगडचा किंवा बिहारचाही असतो, आणि देखभालीच्या वेळी टाकीत किंवा हॉपरमध्ये माणूस उतरवण्याआधी दांडा बंद करण्याची ओळ कामाच्या परवानगीच्या फॉर्ममध्ये छापलेली आहे का. तिसरी गोष्ट सर्रास राहून गेलेली दिसते, कारण तो फॉर्म मेकॅनिकल विभाग काढतो आणि गेज इन्स्ट्रुमेंट विभागाचं असतं.

कारखाना बंद पडतो तेव्हा

या खात्यात सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चालू कारखान्यातला स्रोत सहसा हरवत नाही. हरवतो तो बंद पडलेल्या कारखान्यातून, आणि आपल्या एमआयडीसींमध्ये गंजलेल्या शेडांना तोटा नाही.

क्रम जवळपास ठरलेला असतो. आधी पगार थकतात. आरएसओ हा शिकलेला, बाहेर मागणी असलेला माणूस. तो पहिल्या तीन महिन्यांत नोकरी सोडतो. त्याच्यासोबत ई-लोरा या परवाना पोर्टलचा पासवर्डही जातो. परवान्याची मुदत संपते, नूतनीकरण कुणी करत नाही. वीज तुटते. बँक ताबा घेते आणि मूल्यांकन करणारा यादी करतो: मोटारी, पट्टे, पाइप, ‘इतर लोखंडी सामान’. आपला डबा या शेवटच्या ओळीत गाडला जातो. मग लिलाव, मग गॅस कटर. कापणाऱ्याला शिसं दिसतं आणि तो खूश होतो. “भाऊ, आत पुरं शिसं हाय, भाव बरा येईन.”

दिल्लीत मायापुरीला एप्रिल २०१० मध्ये याच प्रकारात एक माणूस दगावला. एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं वर्षानुवर्षं पडून असलेलं कोबाल्ट-६० चं यंत्र भंगार म्हणून लिलावात निघालं आणि भंगार बाजारात ते फोडलं गेलं. ज्यांनी विकलं त्यांना आपण काय विकतोय हे कळलं नव्हतं आणि ज्यांनी घेतलं त्यांनाही नाही.

म्हणून संघटनेने ठरवून टाकायचं: सदस्याचं वीजबिल सलग दोन महिने थकल्याची किंवा उत्पादन थांबल्याची बातमी आली आणि त्याचं नाव आपल्या नोंदवहीत असलं, की आठ दिवसांच्या आत भेट. चौकशीला गेल्यासारखं जाऊ नका, अडचणीत असलेल्या माणसाला ते लागतं. तिथे गेल्यावर:

१. दांडे बंद करून कुलपं लावून घ्या, किल्ल्यांचा फोटो नको, पंचनाम्यासारखी दोन ओळींची नोंद आणि मालकाची सही घ्या.

२. आरएसओ अजून कामावर असेल तर त्याच्याच हातून ई-लोरावर स्रोत परत पाठवण्याच्या परवानगीचा अर्ज भरून घ्या. तो गेल्यावर हेच काम दहापट किचकट होतं, कारण नव्या आरएसओची नेमणूक मंडळाकडून मंजूर करून घेतल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

३. मूळ पुरवठादाराला लेखी कळवा. वापरात नसलेला स्रोत मूळ पुरवठादाराकडे किंवा मान्यताप्राप्त कचरा केंद्राकडेच जातो, तिसरा रस्ता नाही. स्रोत परदेशी असेल आणि तो पुरवठादार आता धंद्यातच नसेल, तर तसं कळवून नियामक मंडळाकडून पुढची वाट विचारा. बंद शेडमध्ये ‘बघू पुढे’ म्हणून ठेवू नका.

४. ताबा बँकेकडे किंवा दिवाळखोरी प्रक्रियेतल्या अधिकाऱ्याकडे गेला असेल तर त्यांना संघटनेच्या लेटरहेडवर पत्र द्या. पत्रात स्रोताचा क्रमांक, जागा आणि हे एक वाक्य असावं: ‘सदर वस्तू भंगार अथवा यंत्रसामग्री म्हणून विक्रीयोग्य नाही, नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय ती जागेवरून हलवू नये.’ पोच घ्या. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन विभागाला.

५. पाठवणी झाल्यावर स्रोत मिळाल्याची पुरवठादाराची पावती येईपर्यंत नोंदवहीतली ओळ खोडू नका. गाडी गेटबाहेर पडली म्हणजे काम झालं असं मानणारे बरेच.

पैशाचं काय? परत पाठवायला मान्यताप्राप्त पेटी, मोजणी, वाहतुकीचे कागद आणि पुरवठादाराचं शुल्क एवढा खर्च येतो. बुडत्या कारखान्याकडे तोच नसतो. यावर उपाय खरेदीच्या दिवशीच करायचा: परत घेण्याची अट आणि तिचा दर खरेदी आदेशातच लिहून घ्या आणि ती रक्कम वेगळ्या ठेवीत टाका. जुन्या स्रोतांसाठी संघटनेने वर्गणीत थोडी भर घालून छोटा सामायिक निधी केला तर उत्तम. याला विरोध होतो, “माझ्याकडे गेज नाही, मी कशाला भरू?” त्याला उत्तर भंगाराच्या पुढच्या भागात आहे.

भंगार आणि भट्टी

विजेच्या इंडक्शन भट्टीत भंगार वितळवणाऱ्याकडे स्वतःचा एकही स्रोत नसतो, तरी सगळ्यात मोठं नुकसान त्याचंच होऊ शकतं. २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांमध्ये कोबाल्ट-६० सापडलं; त्या बटणांचं पोलाद महाराष्ट्रातल्या एका फाऊंड्रीतून गेलेलं होतं. भंगारात आलेला स्रोत भट्टीत वितळला की त्याचं पुढे काय होतं ते मूलद्रव्यावर ठरतं. कोबाल्ट लोखंडात विरघळून मालातच राहतं. सिझियमची वाफ होते आणि ते धूर गाळणाऱ्या बॅग फिल्टरच्या धुळीत जमा होतं. अमेरिशियम स्लॅगमध्ये, म्हणजे वितळलेल्या मळीत, उतरतं. त्यामुळे ओतलेल्या कांड्या, म्हणजे बिलेट, तपासून ‘सगळं ठीक’ म्हणणाऱ्याच्या बॅगहाउसमध्ये सिझियम पडलेलं असू शकतं. तपासायचं तर तिन्ही तपासा.

संघटनेने किरण मोजणारा एक हातातला सर्व्हे मीटर घ्यावा आणि वजनकाट्यावरच्या माणसाला तो वापरायला शिकवावं. आपल्या भागात मोकळ्या जागी ताशी साधारण ०.१ ते ०.२ मायक्रोसिव्हर्ट दिसतं. आधी आठवडाभर रिकाम्या जागेचा आकडा लिहून काढा, तो तुमचा पाया. भंगाराच्या ट्रकभोवती हळू, ढांगेढांगेने फिरा. पळत फिरवलेला मीटर काही सांगत नाही. आकडा पायाच्या दुपटीच्या वर टिकून राहिला तर गाडी बाजूला घ्या, ड्रायव्हरला खाली उतरवा आणि आकडा पुन्हा नेहमीवर येईल तितकं सगळ्यांना मागे न्या. माल उतरवायचा नाही, कापायचा नाही, पाणी मारायचं नाही. नियामक मंडळाला, पोलिसांना आणि जिल्हा आपत्ती विभागाला कळवा.

आणि गाडी परत पाठवायची नाही. आपल्या गेटवरची ब्याद टळावी म्हणून ड्रायव्हरला “ने बाबा परत” म्हणणं सोपं असतं, पण तोच माल दुसऱ्या दिवशी मीटर नसलेल्या गेटवर जातो.

खोटे इशारेही येतात, त्यांनी घाबरून मीटर कपाटात ठेवू नका. पोटॅशच्या खताच्या गोण्या, काही उष्णतारोधक विटा, थोरियम असलेल्या वेल्डिंगच्या कांड्या यांनी आकडा थोडा चढतो. कधी माल साफ असतो आणि मीटर ड्रायव्हरजवळ गेल्यावर वाजतो. त्याला विचारा, दवाखान्यात आयसोटोपची तपासणी करून आला असेल.

मीटरचं सांगायचं तर, मे महिन्यात तो गाडीच्या काचेखाली ठेवू नका. आपल्या पंचेचाळीस-सत्तेचाळीसच्या उन्हात पडदा काळा पडतो आणि सेल फुटतात. महिनाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवा आणि कॅलिब्रेशनची तारीख मीटरच्या पाठीवरच चिकटवा.

रेडिओग्राफीबद्दल, म्हणजे किरणांनी धातूच्या आतले दोष बघण्याबद्दल, थोडक्यात. औष्णिक केंद्राच्या शटडाऊनमध्ये वेल्डिंगचे जोड तपासायला इरिडियमचा स्रोत घेऊन बाहेरचं पथक रात्री येतं. २० क्युरीचा उघडा स्रोत एक मीटरवर ताशी सुमारे ९६ मिलिसिव्हर्ट देतो. किरण कामगाराची वर्षाची सरासरी मर्यादा २० आहे, म्हणजे तेरा मिनिटांत ती संपते. दहा मीटरवर ताशी सुमारे १. म्हणून दोरी कुठे बांधली ते पथकाला विचारा, आणि काम संपल्यावर स्रोत पेटीत परत गेल्याची खात्री मीटरने केली का तेही विचारा. बहुतेक अपघात या शेवटच्या पायरीवर होतात.

आता इंधनाचं धोरण

मोठ्या विषयावर बोलण्याआधी साखळी पाठ हवी. भारतात युरेनियमची खाण १९६७ पासून जादुगुडाला, नंतर आंध्रातल्या तुम्मलपल्लेला. इंधनाच्या गठ्ठ्या हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये बनतात. २२० मेगावॅटच्या जड पाण्याच्या अणुभट्टीत ३०६ नळ्या आणि प्रत्येकीत १२ गठ्ठ्या, म्हणजे ३,६७२. एकेका गठ्ठीत सुमारे १५ किलो युरेनियम ऑक्साइड. इंधन नैसर्गिक युरेनियमचं, ज्यात युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के. वापरलेलं इंधन आधी काही वर्षं पाण्याच्या तलावात थंड होतं. आपलं धोरण ते गाडून टाकायचं नाही, पुनर्प्रक्रिया करून प्लुटोनियम आणि युरेनियम परत काढायचं आहे. त्यासाठी ट्रॉम्बे, तारापूर आणि कल्पाक्कमला व्यवस्था आहे. उरलेला उच्च पातळीचा द्रव बोरोसिलिकेट काचेत कोंडून पोलादी डब्यांत ठेवतात. समृद्धीकरण (युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवणं), पुनर्प्रक्रिया आणि जड पाणी हे शांती कायद्यानेही सरकारच्याच हातात ठेवलं आहे. त्यामुळे एखादा सदस्य उत्साहात ‘आपण इंधनाच्या धंद्यात उतरू’ म्हणाला तर आधी त्याला ही मर्यादा सांगा.

भारत स्मॉल रिअ‍ॅक्टरच्या योजनेत जमीन, पाणी आणि भांडवल उद्योगाचं. आराखडा आणि चालवणं एनपीसीआयएलचं. वापरलेलं इंधन उद्योगाच्या अंगावर राहत नाही, हे सदस्यांना आवडतं. पण भट्टीच्या आवारातला कमी आणि मध्यम पातळीचा घन कचरा, हातमोजे, फिल्टर, रेझिन, हा आजवरच्या पद्धतीप्रमाणे तिथल्याच आवारात जमिनीलगतच्या बांधीव खंदकांत ठेवला जातो आणि त्याची राखण सुमारे ३०० वर्षांची धरलेली असते. तीनशे का, तर सिझियम आणि स्ट्रॉन्शियमच्या दहा अर्धायुष्यांत, म्हणजे दहा वेळा निम्मं होण्याच्या काळात, ते हजारावा हिस्सा उरतं. ही गोष्ट गावाला पहिल्या बैठकीत सांगा. नंतर कळली तर तुमचं बाकीचं खरंही खोटं ठरेल.

पाण्याचा हिशेब स्वतः करून ठेवा, कारण वर्धा आणि वैनगंगेच्या काठी पहिला प्रश्न तोच येणार. २२० मेगावॅट विजेसाठी भट्टीत सुमारे ७५० मेगावॅट उष्णता लागते. ५३० मेगावॅट बाहेर टाकावी लागते. ती सगळी कूलिंग टॉवरमधून वाफेने गेली असं धरलं तर सेकंदाला सव्वादोनशे लिटरच्या आसपास पाणी उडतं, दिवसाला दीड ते दोन कोटी लिटर. तेवढ्याच क्षमतेच्या आधुनिक कोळसा केंद्रापेक्षा हे जास्त आहे, कारण अणुभट्टीची वाफ कमी तापमानाची असते. कोळसा केंद्र बंद करून त्याच जागी भट्टी आणू म्हणणाऱ्या सदस्यासमोर हा आकडा ठेवा आणि मेमधला नदीचा विसर्ग विचारा.

दायित्वाबद्दल, म्हणजे अपघाताची भरपाई कुणी द्यायची त्याबद्दल: २०१० च्या कायद्यात चालकाची मर्यादा १,५०० कोटी होती आणि पुरवठादारावर दावा करण्याची वाट ठेवलेली होती, त्यावरूनच परदेशी कंपन्या अडल्या होत्या. नव्या कायद्यात भट्टीच्या आकारानुसार पायऱ्या आहेत. सदस्य पंप, व्हॉल्व्ह किंवा केबल पुरवणारे असतील तर हे प्रकरण वकिलाकडून ओळीओळीने वाचून घ्या, बातमीवरून नको.

सूचना पाठवताना आणि गावात बोलताना

केंद्राच्या २०१४ च्या धोरणाप्रमाणे कायद्याच्या मसुद्यावर किमान ३० दिवस हरकतींसाठी मिळायला हवेत. त्यातले पहिले दहा मसुदा शोधण्यात जातात, म्हणून ई-राजपत्र दर सोमवारी बघायची सवय लावा. सूचना कलमवार लिहा: कलम, अडचण, सुचवलेले शब्द. प्रत्येक सूचनेमागे तुमच्या नोंदवहीतला एक आकडा हवा, नाव न घेता. आमच्या मते तालुका संघटनेची सगळ्यात वजनदार मागणी ही: दिवाळखोरी प्रक्रियेत स्रोत परत पाठवण्याचा खर्च इतर देण्यांच्या आधी वळता व्हावा, आणि लिलावाच्या नोटिशीत किरणोत्सारी स्रोत नसल्याचा दाखला सक्तीचा व्हावा. दिल्लीत अणुभट्ट्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. बंद शेडमधल्या डब्यावर बोलायला तुमच्याशिवाय कुणी येत नाही.

संघटनेत पोलादाचे भट्टीवाले आणि भंगारवाले दोघेही सदस्य असतात आणि या विषयात त्यांचं हित उलटं असतं. एकत्र पत्र काढण्याआधी दोघांना वेगळं ऐका.

गावात प्रश्न येईल तो असा: “आमच्या बंद खाणीत ते अणूचं कचरा आणून टाकणार हायेत म्हणते, खरं हाय का जी?” हसू नका. २०१२ साली कोलारच्या बंद सोन्याच्या खाणींबाबत अशीच बातमी पसरली, लोक रस्त्यावर आले आणि केंद्राला खुलासा करावा लागला. बंद कोळसा खाणी आपल्याकडेही आहेत, त्यामुळे शंका रास्त आहे. उत्तर कारणासकट द्या: कोळशाच्या खाणीत पाणी झिरपतं, छत बसतं, आग लागते, कचरा कायमचा ठेवायला लागते ती याच्या नेमकी उलटी, कोरडी आणि स्थिर जागा. ‘सरकारवर विश्वास ठेवा’ असं म्हणू नका, ते तुमचं काम नाही.

आकडे सांगताना बेकरेल (किरणोत्साराच्या शक्तीचं एकक) टाळा, लाखा-कोटींत जातात आणि ऐकणारा दचकतो. मिलिसिव्हर्टमध्ये बोला आणि शेजारी नैसर्गिक मात्रा ठेवा, जगाची सरासरी वर्षाला २.४ आहे. अणुप्रकल्पाची जनसुनावणी लागली तर तिची नोटीस किमान ३० दिवस आधी निघते; कास्तकारांना पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश त्या मुदतीत हातात मिळाला का ते ग्रामपंचायतीत जाऊन बघा.

खातं दुसऱ्याकडे देताना नोंदवही टेबलावर ठेवून मोकळे होऊ नका. नव्या माणसाला सोबत घेऊन प्रत्येक गेजपाशी जा, क्रमांक त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, कुलूप ओढून बघायला लावा आणि त्या ओळीपुढे दोघांच्या सह्या करा. ज्या ओळीपुढे सही करता आली नाही, त्या कारखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.